कुजबुजून सांगायचा शब्द : सॅन फ्रान्सिस्कोच्या 'बर्बन अँड ब्रांच'मध्ये जायचं असेल तर

सॅन फ्रान्सिस्कोत जोन्स आणि ओफॅरेल या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक दार आहे. दारावर बारचं नाव कुठेच नाही. पाटी आहे ती 'अँटी-सलून लीग'ची, म्हणजे अमेरिकेतले दारूचे गुत्ते बंद पाडायला ज्या संघटनेने १८९३ पासून जंग जंग पछाडलं, तिची. माझी मावसबहीण, म्हणजे ताई, नाशिकहून आली होती. तिने ती पाटी दोनदा वाचली आणि माझा दंड धरून म्हणाली, "अगं, आपण भलतीकडे आलोय."

भलतीकडे नव्हतो आलो. बेल दाबायची, थांबायचं, दार किलकिलं झालं की आतल्या माणसाला एक शब्द सांगायचा. शब्द बरोबर असेल तर दार उघडतं.

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, पाहुणे आले की आपण त्यांना गोल्डन गेट पूल दाखवतो, नापाच्या द्राक्षमळ्यांत नेतो, लोंबार्ड स्ट्रीटची वळणं दाखवतो. ज्यांच्याशी मला खरंच बसून बोलायचं असतं त्यांना मी इथे आणते. पहिल्यांदा जाणारा माणूस मात्र पाचसहा ठिकाणी हमखास अडतो. त्यासाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी थोडं मागे जाऊ

अमेरिकेत १७ जानेवारी १९२० ला देशभर दारूबंदी लागू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ ला उठली. मधल्या जवळजवळ चौदा वर्षांत चोरून चालणारे जे बार निघाले, ते 'स्पीकईझी'. शब्द त्याहून जुना आहे, एकोणिसाव्या शतकातला. त्याचा अर्थ सरळ आहे: हळू बोला, बाहेर ऐकू जाईल.

हे आपल्याला कुणी फार समजावून सांगायला नको. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने आपल्या भाषेला 'परमिट रूम' हा शब्द दिला आणि तो अजून पाट्यांवर आहे. मुंबईतल्या आंटीच्या अड्ड्यांच्या गोष्टी तर आपल्या काका-मामांनी आपल्याला रंगवून सांगितलेल्या आहेत. सॅन फ्रान्सिस्कोतली गोष्टही त्याच जातीची. बार स्वतः सांगतो त्याप्रमाणे, १९२१ ते १९३३ या काळात याच जागेत सिगारचं दुकान होतं आणि दुकानाआड गुत्ता. ठरावीक सिगार मागितली की गिऱ्हाईकाला तळघराची वाट दाखवत. आजचा बार २००६ मध्ये सुरू झाला.

त्या काळाची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दारूबंदीपूर्वीचं सलून, म्हणजे दारूचा गुत्ता, ही पुरुषांची जागा होती, प्रतिष्ठित घरातली बाई तिथे पाऊल टाकत नसे. चोरून चालणाऱ्या बारमध्ये बायका आणि पुरुष पहिल्यांदा एका टेबलाशी बसू लागले.

आज मात्र दारूला बंदी नाही, मग हा सांकेतिक शब्द आणि हे आरक्षण कशासाठी? अनेकांना वाटतं की नुसता देखावा आहे. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण न्यू यॉर्कमध्ये आहे. ३१ डिसेंबर १९९९ ला साशा पेट्रास्की या तरुणाने तिथल्या एल्ड्रिज स्ट्रीटवर 'मिल्क अँड हनी' नावाचा छोटासा बार उघडला. इमारतीतल्या लोकांना त्रास होऊ द्यायचा नाही, या अटीवर त्याला ती जागा मिळाली होती. म्हणून बाहेर पाटी नाही, गर्दी नाही, आधी फोन केल्याशिवाय प्रवेश नाही. आत नियमांची यादी, आणि त्यातला एक नियम असा की पुरुषांनी अनोळखी स्त्रियांशी आपणहून ओळख करून घ्यायची नाही. या एका नियमाने दोन मैत्रिणींना रात्री अकरा वाजता कुणाचाही त्रास न होता बोलत बसता येऊ लागलं. आज जगभर जे आरक्षणवाले बार आहेत, त्यातल्या बहुतेकांच्या शिस्तीमागे हे उदाहरण आहे. मोजकी माणसं, खालचा आवाज, प्रत्येकाला बसायला जागा. हे ध्यानात आलं की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप पटतात.

आरक्षण

आरक्षण बारच्या संकेतस्थळावरून होतं. शुक्रवार-शनिवारच्या जागा लवकर भरतात. पाहुण्यांच्या मुक्कामात मंगळवार किंवा बुधवार मोकळा असेल तर तोच घ्या, कारण त्या दिवशी वाढणाऱ्यांनाही तुमच्याशी बोलायला फुरसत असते. माझ्या मते दोघं किंवा फार तर चौघं जावं. आठ मराठी माणसं एका टेबलाशी बसून हळू बोलतील, हे मी अजून पाहिलेलं नाही. मोठा घोळका असेल तर दुसरं ठिकाण शोधा, तुमचीच संध्याकाळ चांगली जाईल.

आरक्षण पक्कं झालं की मेल येतो आणि त्यात तुमचा सांकेतिक शब्द असतो. त्या मेलमध्ये आणखी दोन गोष्टी नीट वाचा: तुम्हाला टेबल किती वेळासाठी दिलं आहे, आणि उशीर झाला तर ते किती वेळ राखून ठेवतात. इथे वेळ म्हणजे वेळ. तुमच्यानंतर त्याच टेबलाशी दुसरं कुणीतरी येणार असतं. शब्द कागदावर लिहून खिशात ठेवा किंवा मेलचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. दारात उभं राहून मेल शोधायला लागलात की मागच्यांचा खोळंबा होतो. आणि कृपा करून तो शब्द व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका.

बेत बदलला तर आरक्षण रद्द करा. लहान जागा आहे, रिकामं राहिलेलं एक टेबलही त्यांना महागात पडतं.

आरक्षण मिळालंच नाही तर? मागच्या बाजूला 'लायब्ररी' नावाची खोली आहे. तिथे अनेक वर्षं आरक्षणाशिवाय जाता येतं आणि तिचा शब्दही आता सगळ्या शहराला ठाऊक आहे: 'बुक्स'. खोलीच्या भिंती पुस्तकांनी भरलेल्या आहेत आणि पुस्तकांच्या कपाटासारखं दिसणारं दारच उघडून आत जायचं. इथे बहुतेक उभ्यानेच प्यावं लागतं आणि गलका जास्त असतो. चव घेऊन पाहायची असेल तर ठीक, निवांत गप्पांसाठी मुख्य खोलीच हवी.

ओळखपत्र: इथे चुकू नका

कॅलिफोर्नियात दारू प्यायचं वय २१ आहे. केस पांढरे झाले असले तरी दारात ओळखपत्र मागतात, त्यात अपमान वाटून घेऊ नये. इथल्या कायद्याने परदेशी माणसाचा वैध पासपोर्ट वयाचा पुरावा म्हणून चालतो. भारतातल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर किंवा आधार कार्डावर आत घेतीलच याचा भरवसा नाही. मोबाइलमधला पासपोर्टचा फोटोही चालत नाही.

हे मी अनुभवाने सांगते. दोन वर्षांपूर्वी ताईची पहिली खेप होती तेव्हा मी तिला शहरातल्याच दुसऱ्या एका बारमध्ये नेलं होतं. पासपोर्ट घरी कपाटात आणि तिच्या पर्समध्ये नाशिकचं लायसन्स. दारावरच्या मुलीने दोनदा माफी मागितली, पण आत सोडलं नाही. ताई पंचेचाळीस वर्षांची, बँकेत अधिकारी, थंडीत फुटपाथवर उभी. त्या मुलीचं काही चुकलं नव्हतं, मला माहीत असायला हवं होतं. तेव्हापासून पाहुण्यांच्या पासपोर्टसाठी मी आतल्या चेनचा कप्पा असलेली लहान पर्सच ठेवली आहे. घरी परतलं की पासपोर्ट लगेच जागच्या जागी.

जेवून जा

इथे जेवण मिळत नाही, चखण्याची आशाही ठेवू नका. रिकाम्या पोटी कॉकटेल म्हणजे नऊ वाजताच डोकं जड. सुदैवाने आजूबाजूला खाण्याची चंगळ आहे. टेंडरलॉइन नावाच्या या वस्तीत पंजाबी-पाकिस्तानी तंदूरवाले इतके आहेत की लोक गमतीने तिला 'तंदूरलॉइन' म्हणतात. लार्किन स्ट्रीटच्या बाजूला व्हिएतनामी खानावळी आहेत. माझं मत विचाराल तर आधी फार मसालेदार खाऊ नका. लसूण आणि लाल तिखटाने जीभ भरलेली असली की जिनमधला जुनिपर या फळाचा वास किंवा वरमूथ या वनस्पती मुरवलेल्या वाइनचा कडवटपणा कळतच नाही. एक वाटी फो, म्हणजे व्हिएतनामी नूडल्सचं सूप, किंवा साधा डाळ-नान पुरे.

पोचायचं कसं

बार्टने, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेने, आलात तर पॉवेल स्ट्रीट स्टेशनला उतरा, तिथून पायी दहा-पंधरा मिनिटं. पण टेंडरलॉइनबद्दल पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. फुटपाथवर तंबू दिसतील, नशेत वाकून उभी राहिलेली माणसं दिसतील. पहिल्यांदा पाहणाऱ्याला पोटात कालवतं. ही माणसंही याच वस्तीची रहिवासी आहेत. त्यांचे फोटो काढू नयेत, टक लावून पाहू नये, आपल्या वाटेने चालत राहावं. अंधार पडल्यावर मी चालत जात नाही, थेट दारापर्यंत गाडी बोलावते. स्वतःची गाडी नेणार असाल तर सीटवर रिकामी पिशवीसुद्धा ठेवू नका, काचा फुटतात. त्याहून चांगलं म्हणजे गाडी नेऊच नका. कारण पुढे सांगते.

कपड्यांचा बाऊ नको. इस्त्रीचा शर्ट, साधी साडी किंवा कुर्ता, काहीही शोभतं. हाफ पँट आणि चपला मात्र नकोत. जुलै असला तरी जाकीट घ्या, या शहराची संध्याकाळ महाबळेश्वरसारखी गार असते.

दार उघडल्यावर

दरवाजा उघडणारा माणूस तुमचं नाव आणि शब्द विचारतो. शब्द हळूच सांगा, मजा त्यातच आहे. ताईने तो इतक्या गंभीरपणे सांगितला की त्या माणसाचाही चेहरा खुलला.

आत गेल्यावर पहिलं मिनिटभर काही दिसत नाही. दिवे अगदी मंद, भिंतींवर लाल मखमली कागद, उंच पाठीची लाकडी बाकं. डोळे सरावेपर्यंत जागीच थांबा. फोन पर्समध्ये टाका. इथल्या नियमांत फोनवर बोलायला आणि फ्लॅश मारून फोटो काढायला मनाई आहे. आवाज खाली ठेवायला आणि धीर धरायलाही सांगितलेलं आहे. कॉस्मोपॉलिटन हे सगळीकडे मिळणारं कॉकटेल मागण्याचा विचारसुद्धा करू नका, असाही एक नियम आहे. तो कुणाच्या आवडीला नावं ठेवण्यासाठी नाही. सवयीने जे मागाल त्याऐवजी आमच्याकडचं काही घेऊन पाहा, एवढंच त्यांना म्हणायचं आहे.

मागायचं काय आणि कसं

यादी लांबलचक असते आणि नावांवरून काही बोध होत नाही. इथेच लोक गांगरतात आणि ओळखीचं म्हणून व्हिस्की-सोडा मागतात. तसं करू नका. वाढणाऱ्याला आपली आवड साध्या शब्दांत सांगा. तीन गोष्टी सांगितल्या की पुरे: कुठली दारू आवडते किंवा चालत नाही, आंबट, गोड, कडू, धुरकट यातलं काय हवं, आणि पेय कडक हवं की हलकं. "जिन चालेल, आंबट आवडतं, फार गोड नको" एवढ्यावर चांगला बारटेंडर तुम्हाला हवं ते बनवून देतो.

ताई नाशिकची, द्राक्षांच्या गावची. वाइनची चव तिला चांगली कळते, कॉकटेल कधी घेतलेलं नव्हतं. तिला सुचवलं गेलं मॅनहॅटन: राय व्हिस्की दोन भाग, गोड वरमूथ एक भाग, वर अँगोस्टुरा बिटर्स या मसाल्यांच्या कडू अर्काचे दोन शिंतोडे. वरमूथ ही मुळात वनस्पती घालून मुरवलेली वाइनच, म्हणून वाइन पिणाऱ्याला हा दरवाजा ओळखीचा वाटतो. तिने आधी वास घेतला आणि म्हणाली, "यात लवंग-दालचिनी आहे. आईच्या काढ्यासारखं." बिटर्सचा वास तसाच असतो.

या शहराचं स्वतःचं म्हणून काही प्यायचं असेल तर पिस्को पंच विचारा. पेरू देशातली द्राक्षांची ब्रँडी (तीच पिस्को), अननस आणि लिंबू. दारूबंदीपूर्वी इथल्या 'बँक एक्स्चेंज' सलूनमध्ये डंकन निकोल हा माणूस तो बनवायचा आणि त्याची नेमकी कृती त्याने मरेपर्यंत कुणाला सांगितली नाही. ते सलून जिथे होतं तिथे आज ट्रान्सअमेरिका पिरॅमिड उभा आहे. दारूबंदीच्या काळातलं सोपं पेय हवं असेल तर 'बीज नीज' घ्या: जिन, लिंबू, मध. पहिल्यांदा पिणाऱ्याला मी हेच सुचवते, आपल्या लिंबू-मधाच्या सवयीला ते चटकन पटतं.

शाकाहाऱ्यांनी इथे जरा लक्ष द्यावं. व्हिस्की सावर, पिस्को सावर अशा पेयांवर जो पांढरा फेस असतो तो बहुतेक वेळा कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याचा असतो. काही बारमध्ये बर्बन या अमेरिकन व्हिस्कीत बेकनची, म्हणजे डुकराच्या मांसाची, चरबी मिसळून, गोठवून, गाळून घेतात. चरबी निघून जाते, स्वाद उरतो. न्यू यॉर्कच्या 'पीडीटी' या बारमध्ये २००७ च्या सुमारास हा प्रकार गाजला आणि पुढे सगळीकडे पसरला. क्लॅरिफाइड मिल्क पंचमध्ये दूध असतं. चवीवरून यातलं काहीच ओळखू येत नाही. म्हणून "अंडं आणि मांसाचं काही नको" हे ऑर्डर देताना पहिल्या वाक्यातच सांगा. कुणी नाक मुरडत नाही. न पिणाऱ्यांनीही संकोच करू नये. बिनदारूचं मागितलं की तितक्याच निगुतीने बनवून देतात.

आता मापाचं. आपल्याकडे छोटा पेग ३० मिलिलिटर, मोठा ६०. एका मॅनहॅटनमध्ये सुमारे ६० मिलिलिटर व्हिस्की आणि वर ३० मिलिलिटर वरमूथ जातं. म्हणजे एक ग्लास हा एका मोठ्या पेगहून जास्तच असतो, आणि थंड व गुळगुळीत असल्यामुळे घशाला जाणवत नाही. माझा हिशोब संध्याकाळभरात दोन. आधी कडक नसलेलं, आंबट वळणाचं, मग कडक. दोन्हींच्या मधे पाणी.

बनवताना पाहा

बारच्या जवळची जागा मिळाली तर सोडू नका. मी त्या रात्री ताईचं मॅनहॅटन बनताना पाहिलं. बारटेंडरने काचेच्या मोठ्या ग्लासात बर्फ भरला, मापाने व्हिस्की आणि वरमूथ ओतलं आणि लांब दांड्याचा चमचा आत सोडला. चमच्याची पाठ काचेला चिकटवून तो गोल फिरवत राहिला. बर्फाचा आवाज येत नव्हता, सगळा गठ्ठा एकसंध फिरत होता. अर्ध्या मिनिटाने त्याने चमच्यावरचा थेंब मनगटाजवळ टेकवून चाखला, मान हलवली, आणखी चारपाच फेरे दिले. मग गार केलेल्या ग्लासात गाळलं.

नुसत्या दारूंचं मिश्रण असेल तर ढवळतात, म्हणजे पेय नितळ राहतं. लिंबू, फळांचा रस किंवा अंडं असेल तर शेकरमध्ये जोरात हलवतात, म्हणजे हवा मिसळते. बर्फ थंड तर करतोच, शिवाय त्याचं ठरावीक पाणी पेयात उतरावं लागतं. ते पाणी हाही कृतीतला एक घटक आहे. ग्लासात एकच मोठा पारदर्शक तुकडा घालतात त्याचं कारणही हेच: मोठा तुकडा सावकाश वितळतो आणि शेवटचा घोट पाणचट होत नाही.

म्हणून उशीर झाला तर हाका मारू नका. बोलत बसा. त्या दीड-दोन तासांत ताईने मला तिच्या बदलीचं, मावशीच्या गुडघ्यांचं, आणि अकरा वर्षांत कधी न बोललेल्या एका गोष्टीचं सांगितलं. शेजारच्या टेबलावर चौघं होते, त्यांचा एक शब्दही आम्हाला ऐकू आला नाही.

बिल

एका कॉकटेलला साधारण १५ ते २० डॉलर धरा. दोघांनी दोन-दोन घेतली आणि प्रत्येकी १८ डॉलर धरले तर ७२ झाले. त्यावर साडेआठ टक्क्यांहून थोडा जास्त विक्रीकर, म्हणजे सहा-सव्वासहा डॉलर. टिप २० टक्के, म्हणजे साडेचौदाच्या आसपास. एकूण जवळपास ९३ डॉलर. टिप देणं ऐच्छिक आहे असं कागदावर असलं तरी इथे ती न देणं म्हणजे समोरच्याचे कष्ट नाकारणं. आधी बिल मात्र वाचा. सेवाशुल्क त्यात धरलेलं असेल तर दुहेरी टिप जाते. पाहुण्यांशी पैशांवरून ओढाताण इथे शोभत नाही, बसल्या बसल्याच कार्ड देऊन ठेवा.

निघताना

आता गाडीचं. कॅलिफोर्नियात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे, पण त्याखाली असूनही गाडी नीट चालवता येत नसेल तर पकडतात. व्हिसावर राहणाऱ्यांनी हे दुप्पट लक्षात ठेवावं: दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, गुन्हा सिद्ध व्हायचा असला, तरी अमेरिकी परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. एका संध्याकाळपायी घराचा, नोकरीचा, मुलांच्या शाळेचा प्रश्न उभा राहतो. बार्टच्या शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास सुटतात. त्यापुढे उशीर झाला तर भाड्याची गाडी बोलवा, आणि ती आत बसूनच बोलवा.

बाहेर पडताना झटपट आणि गुपचूप निघा, असंही नियमांत लिहिलेलं आहे. आजूबाजूच्या इमारतींत माणसं राहतात, अनेकांना पहाटे कामावर जायचं असतं. दारात घोळका करून निरोपाच्या गप्पा नकोत, त्या गाडीत करा. ताईने हा नियम मनावर घेतला होता. गाडीत बसल्यावरही ती माझ्याशी कुजबुजतच बोलत होती, थेट बे ब्रिज ओलांडेपर्यंत.